‘रोजची’ भाकर?

ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीला ‘एपिऊसिओस’ हे ग्रीक विशेषण आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील या प्रार्थनेखेरीज प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा निर्विवाद वापर आढळत नाही. तिसऱ्या शतकातल्या ग्रीकभाषक ओरिजेनलाही हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवलेला वाटला. जेरोमच्या लॅटिन पाठात लूकमध्ये भाकर ‘रोजची’ आहे, मत्तयात ‘द्रव्यातीत’. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या, इजिप्तमधील एका खर्चाच्या यादीत हा शब्द वाचला गेला आणि ‘रोजचा शिधा’ या अर्थाला बळ मिळाले. पुढे हरवलेला तो पपायरस १९९८ साली सापडला. फेरवाचनात तिथे निघाले ‘तेल’! मराठी बायबलातली ‘रोजची भाकर’ यामुळे चुकीची ठरत नाही. पण ती अनुवादकाची निवड आहे, भुकेल्याच्या बाजूने केलेली. तळटीपेत तेवढे सांगायला हवे.