ताट उलटं करून बघा

आम्ही म्हणजे वाशीम जिल्ह्यातली, जुनी भांडी जमवणारी चार-पाच माणसं. इथं एकच जण उभा असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून शेवटपर्यंत ‘आम्ही’च म्हणणार. विषय आहे हातानं रंगवलेली जुनी इटालियन भांडी. वाशीममध्ये इटलीचं काय काम, असं तुमच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं होतं. थोडा दम धरा, वाट फिरून इथंच येते.

हे ताट बघा. आमच्यातल्या एका ताईंच्या भाच्यानं अमेरिकेतून आणलं, तिथं लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात, तिथलं. पांढरं ताट, त्यावर निळी-पिवळी फुलं, काठाला वेल. पहिल्या दिवशी आम्ही काय केलं? भिंतीवर टांगलं. चुकलं ते. जुनं भांडं हातात आलं की आधी उलटं करायचं.

उलटं केलं तेव्हा काय दिसलं? एक आकडा आणि ‘इटली’ हा शब्द, तोही इंग्रजी अक्षरांत. इटालियन माणूस आपल्या देशाला ‘इतालिया’ म्हणतो. मग ‘इटली’ कुणासाठी? गिऱ्हाइकासाठी. अमेरिकेत 1890 साली आयातीचा कायदा झाला, त्यात परदेशी मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं. म्हणजे नुसत्या या शब्दावरूनही अंदाज बांधता येतो, की माल निर्यातीचा आणि बहुधा त्या कायद्यानंतरचा. काही भांड्यांच्या पाठीवर ‘दिपिंतो आ मानो’ असंही असतं. अर्थ, हातानं रंगवलेलं. पण ते शब्दही छापता येतात, तेव्हा भिंग लावा. छापील चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसतं. कुंचल्याच्या फटकाऱ्यात रंग एका टोकाला साचतो, दुसऱ्या टोकाला विरतो. काठाचा वेल जिथं फिरून परत येतो, तिथं सांधा नीट जुळत नाही, शेवटचं पान दाटीवाटीनं बसवलेलं असतं. आमच्या ताटावर तसं एक अवघडलेलं पान आहे. आमच्या लेखी सगळ्या ताटात तेच पान मोलाचं. तिथं माणूस सापडतो.

या कामाला इटलीत ‘मायोलिका’ म्हणतात. मातीचं भांडं एकदा भाजायचं, मग कथिल घातलेल्या पांढऱ्या झिलईत बुडवायचं. ती वाळली की पिठासारखी होते आणि त्या कच्च्या थरावर रंगवायचं. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, पिवळा अँटिमनीचा, जांभळा मँगनीजचा. थर रंग लगेच पितो, खोडाखोड नाही. मग पुन्हा भट्टी. सोळाव्या शतकात उर्बिनो, फाएन्झा, देरुता या गावांनी यात कमाल केली. राफाएलच्या चित्रांवरून छापलेली कोरीव चित्रं समोर ठेवायची आणि अख्खी कथा ताटावर उतरवायची. आता आमचं मत सांगतो, पटलं नाही तर शेवटी भांडू. या कथांच्या ताटांतली बरीचशी आम्हाला थकवतात. चित्र काठ ओलांडून पसरतं, खळगा कुठं, कड कुठं, याचं भान सुटतं. ताट विसरतं की आपण ताट आहोत.

पण त्या माणसांचं एक मानलं पाहिजे. उर्बिनोत फ्रांचेस्को झांतो आवेल्ली नावाचा रंगारी होता. 1530च्या दशकात तो ताटाच्या पाठीवर साल लिहायचा, गावाचं नाव लिहायचा, पुढच्या बाजूची कथा कोणती ते लिहायचा आणि स्वतःची खूण टाकायचा. पाचशे वर्षं होत आली, आपण वाशीममध्ये बसून त्याचं नाव घेतोय.

आता इकडे या. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथंच मिळाला आणि ही शाखा इतिहासात पक्की झाली. याच शाखेतला हरिषेण. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. हे लेणं वराहदेवानं दान दिलं. अजिंठ्याची जी चित्रं जग बघायला येतं, त्यांतली कितीतरी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे वत्सगुल्माच्या राजवटीतली.

ती चित्रं भांड्यांवर कशी आली? मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय 1857चं. 1872 पासून तिथल्या जॉन ग्रिफिथ्सनी विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला सुरुवात केली, काम 1885 पर्यंत चाललं. त्याच दशकात तिथंच जॉर्ज टेरींनी भांड्यांचं काम सुरू केलं. सिंधमधली झिलईची पद्धत आणि अजिंठ्याची नक्षी, असा तो मेळ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही भांडी आहेत. आम्ही ती छायाचित्रांतच पाहिली, हे कबूल.

आता एक गंमत ऐका, गंमत म्हणजे काळीज हलवणारी. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिलनं अजिंठ्याच्या मोठ्या नकला केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथ्स आणि विद्यार्थ्यांच्या नकला लंडनला गेल्या. त्यांतल्याही बऱ्याचशा 1885च्या आगीत जळाल्या. कॅनव्हास आगीनं खाल्ला आणि भांडी आगीतूनच पक्की होऊन निघाली होती, ती राहिली. कलाकुसरीची भांडी म्हणजे दुय्यम काम असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मग ती चांगली आहेत का? सरसकट नाहीत. अजिंठ्याच्या छतावरची नक्षी, म्हणजे कमळं, वेली, पक्षी, भांड्याच्या पोटावर छान बसते. कारण ती नक्षी मुळातच जागा भरण्यासाठी, फिरत राहण्यासाठी केलेली. भिंतीवरची माणसं उचलली की घोटाळा होतो. भिंतीवर ती एकमेकांकडे बघत असतात, त्यांच्यात काहीतरी चाललेलं असतं. भांड्याच्या गोलाईवर ती वरातीसारखी एकामागून एक चालायला लागतात. बोलणं संपतं, नुसती शोभा उरते. उर्बिनोच्या ताटांचा दोष इथंही आहे, फक्त उलट बाजूनं. तिथं चित्र भांड्याला गिळतं, इथं भांडं चित्राला.

आमची मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. बाजारात आणि संग्राहकांच्या तोंडी या भांड्यांची ओळख काय? ‘बॉम्बे स्कूल’, नाहीतर ‘टेरींची भांडी’. शाळेचं नाव, साहेबाचं नाव. कुंचला धरणाऱ्या पोराचं नाव त्यात येत नाही. कॅनव्हासच्या नकला करणाऱ्यांतले पेस्तनजी बोमनजी तरी पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आले. भांड्यावरच्या हाताला ते भाग्य नाही.

आणि साहेबाला नावं ठेवून आपण सुटत नाही. घरी जाऊन फडताळ उघडा. पितळेचा गंज काढा, स्टीलचा डबा काढा. त्यावर काय कोरलंय? अमक्यांकडून तमक्यांना सप्रेम भेट, खाली तारीख. (हशा) हसताय, म्हणजे आहे प्रत्येकाकडे. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. ज्या तांबटानं ठोकून ठोकून गंज घडवला त्याचं? वराहदेवाचं नाव दगडात राहिलं, कारण त्यानं दान दिलं. भिंत रंगवणाऱ्यांची नावं मागे पडली. दीड हजार वर्षांत आपल्या पद्धतीत फारसा फरक पडला नाही.

पुण्याच्या केळकर संग्रहालयाची इथं आठवण होते. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या, घरातल्या साध्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, 1975 साली तो संग्रह शासनाला देऊन टाकला. कविता ते ‘अज्ञातवासी’ नावानं लिहीत. संग्रहालयाला स्वतःचं नव्हे, गेलेल्या लहान मुलाचं, राजाचं नाव दिलं. वस्तूच्या मागे माणूस असतो, हे जाणणारा संग्राहक होता तो. आम्ही मात्र बराच काळ वस्तूच जमवत होतो.

हे आम्हाला कधी कळलं, ते सांगतो. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी घागर भरायची आपली रीत. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकाच घरून घागर येते, गेरू-चुन्याची नक्षी काढलेली. यंदा आम्ही ती घागर भिंगाखाली धरली. गळ्याभोवतीची रेघ जिथं जुळते, तिथं तोच घाईचा फटकारा, इटालियन ताटावरच्या पानासारखा. आणि लक्षात आलं, आवेल्लीचं नाव आम्हाला पाठ आहे, या माणसाचं नाही. लहानपणापासून ‘कुंभारबाबा’ म्हणत आलो. घागरीत पाणी आमच्या पितरांच्या नावानं, घागर करणाऱ्याला नावच नाही.

गेलो त्यांच्याकडे, वही घेऊन. पूर्ण नाव विचारलं. ते म्हणाले, “काहून जी, कोन्या योजनेचा फारम भरून राह्यले का?” आम्ही म्हटलं, नाही, घागरीखाली लिहायचंय. त्यांनी नाव सांगितलं, वर म्हणाले, नक्षी मात्र मी काढत नाही, सूनबाई काढते. म्हणजे इतकी वर्षं आम्ही मनातल्या मनातसुद्धा चुकीच्याच माणसाला दाद देत होतो! त्या बाई आतून बाहेर आल्या. त्यांनी आधी घागर बघितली, मग म्हणाल्या, ही घाईत काढलेली, चांगली दाखवते थांबा.

आमची टीका एवढीच आहे. मुंबईच्या त्या पोरांना विचारायची वेळ गेली. वत्सगुल्माच्या रंगाऱ्यांना विचारायची तर केव्हाच गेली. पण ज्यांचे हात अजून चालू आहेत, त्यांना विचारायला एक पेन्सिल पुरते. संग्रह कशाचाही करा, इटालियन ताटांचा करा, लोणच्याच्या बरण्यांचा करा. जमलं तर नाव, नाहीतर कुठून घेतलं, कधी घेतलं, कोण वापरायचं, एवढं भांड्याच्या बुडाला चिठ्ठी लावून लिहा.

त्या ताटाच्या पाठीवरही आम्ही चिठ्ठी लावली आहे. रंगाऱ्याच्या नावापुढची जागा कोरी आहे. घागरीच्या चिठ्ठीवर दोन नावं आहेत.

आता भांडायला या.