अवांतराचे थापटणे

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी जमलेल्या संतमेळ्याची आख्यायिका सामान्यतः नामदेवांच्या (१२७०–१३५०) गुरुशोधाची प्रस्तावना म्हणून वाचली जाते. त्या वाचनात तिचे संवादरूप निसटते. विठ्ठलभक्तांच्या या बैठकीत मुक्ताबाई विचारतात ते विठ्ठलाविषयी नव्हे, तेथे पडलेल्या थापटण्याविषयी. मडके कच्चे की पक्के हे पारखण्याचे ते साधन, हे कुंभाराचे साधे उत्तर. मग थट्टेत तेच संतांच्या डोक्यांवर चालते आणि चिडलेले नामदेव ‘कच्चे’ ठरतात. कीर्तनात ज्यांची थोरवी निर्विवाद, त्यांचा निवाडा अवांतर गप्पांत होतो. निवाड्याचा अधिकार येथे हातच्या कसबाला मिळतो. मात्र हसणाऱ्यांच्या एकमताखाली दुखावलेल्याचा आक्षेप दबून जातो. विसोबा खेचरांकडे जाणारी वाट या हसण्यातूनच फुटते. म्हणून अवांतर हाच आख्यायिकेचा गाभा ठरतो.