दगडावरची चाल

वाखनिंगनला गणपतीत आम्ही दहा-बारा जण जमतो. आरतीचे शब्द सगळ्यांना पाठ, पण दुसऱ्या कडव्याला गाडी हटकून घसरते. प्रत्येकाच्या घरची चाल वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. वॉलेस हार्टलीच्या थडग्याचा फोटो पाहताना मला तेच आठवलं.

हार्टली टायटॅनिकवरच्या आठ वादकांचा प्रमुख. १५ एप्रिल १९१२ला जहाजाबरोबर आठही जण गेले, मृतदेह तिघांचेच सापडले. हार्टलीचा इंग्लंडमध्ये आणून १८ मे रोजी कोल्न या त्याच्या गावी पुरला. दगडाच्या तळाशी व्हायोलिन कोरलंय. ते मला फारसं भावत नाही; वादकाच्या थडग्यावर दुसरं काय असणार? नजर अडकते ती स्वरलिपीवर.

बुडताना त्यांनी ‘निअरर, माय गॉड, टू दी’ हे भजन वाजवलं, अशी आख्यायिका. पण वाचलेल्यांचं एकमत नाही. वायरलेसवाल्या हॅरल्ड ब्राइडने ‘ऑटम’ ऐकल्याचं सांगितलं. शिवाय भजनाच्या चाली तीन. १९५८च्या सिनेमात ‘हॉरबरी’ वाजते, १९९७च्या सिनेमात अमेरिकेत रूढ असलेली ‘बेथनी’. तुमच्या-माझ्या कानात आहे ती ही शेवटची. दगडावर मात्र आर्थर सलिव्हनची ‘प्रोपिअर देओ’ आहे. हार्टलीचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. ते हीच चाल गाऊन घेत. मुलगा दुसरी कुठली वाजवणार?

पुरावा म्हणून हा दगड लंगडाच. नाव, वय, तारीख यांच्या शेजारी एक अंदाज तितक्याच ठामपणे कोरलाय. तरी मला तो खोटा म्हणवत नाही. घरापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांची चाल शेवटी घरचेच सांगणार, आणि ते स्वतःचीच सांगणार.

माझी तक्रार वेगळी आहे. वाजवत होते आठ जण, कोरली गेली एकाच्या घरची चाल. २१ वर्षांचा व्हायोलिनवादक जॉन ह्यूम कॅनडात हॅलिफॅक्सला पुरलाय. त्याच्या छोट्या दगडावर नाव, तारीख आणि १९३ हा क्रमांक. वादक पुरवणाऱ्या लिव्हरपूलच्या एजन्सीने त्याच्या वडिलांना, महिना उलटायच्या आत, त्याच्या गणवेशाचं बिल पाठवलं होतं.