हमीचे राज्य आणि कोरडवाहू वऱ्हाड : वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीची एक चिकित्सा

दीर्घ काळ अधिकारावर राहिलेल्या राज्यकर्त्याचे मूल्यमापन करताना अभ्यासकाची पहिली अडचण कालगणनेचीच असते. वर्षांची संख्याच गुणाचे प्रमाण मानली जाते. त्या वर्षांत जे जे घडले ते सारे त्या एका व्यक्तीच्या नावे जमा होते, किंवा तितक्याच सरसकटपणे तिच्या नावे खर्ची पडते. वसंतराव नाईक यांच्या बाबतीत हे दोन्ही झाले आहे. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग ११ वर्षे व सुमारे अडीच महिने ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि त्या पदावर इतका काळ त्यांच्यापूर्वी वा नंतर कोणीही राहिलेले नाही. गौरवपर लेखन त्यांना हरितक्रांतीचे प्रणेते म्हणून थांबते. विदर्भाच्या अनुशेषाविषयीचे लेखन, त्यांच्या हाती राज्य असूनही वऱ्हाड कोरडाच राहिला, एवढे म्हणून थांबते. दोहोंतही राज्यकर्ता दिसतो. त्याने उभारलेल्या राज्ययंत्रणेचे स्वरूप दिसत नाही.

मुख्यमंत्री हे पद प्रांतिक मानून त्याची चिकित्सा दुय्यम ठरविण्याचेही कारण नाही. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखास इंग्रजीत पंतप्रधानाचेच नामाभिधान होते. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३७ साली डॉ. ना. भा. खरे त्याच नामाभिधानाने अधिकारारूढ झाले. राज्यघटनेने ते बिरुद दिल्लीपुरते राखून ठेवले, पण जमीन, पाणी, शेती व स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यांकडेच राहिले. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्याच्या आयुष्याला अधिक निकटचा हात नेहरू, शास्त्री वा इंदिरा गांधी यांचा नव्हता. तो सचिवालयाचा होता, आणि त्या तिघांच्याही राजवटीत सचिवालयात नाईकच होते.

यवतमाळहून दारव्हा-दिग्रसमार्गे पुसदकडे निघालेल्या प्रवाशास शहर सुटताच लोहारा लागतो. पुढे त्याच वाटेने पुसद तालुक्यातील गहुली येते. बंजारा तांड्यातून उभ्या राहिलेल्या या गावी १ जुलै १९१३ रोजी नाईकांचा जन्म झाला. लोहारा हे राजकारणात गाजलेले गाव नव्हे. म्हणूनच ते येथे कसोटीस योग्य वाटते. काळी जमीन, पावसावरचा कापूस व ज्वारी, जवळच यवतमाळचा बाजार, आणि गावात एका बाजूस कापूस पिकविणारा कास्तकार व दुसऱ्या बाजूस तो वेचणारे शेतमजूर, ही वऱ्हाडच्या असंख्य गावांची घडण येथेही आहे. राज्याने दिलेली आश्वासने या दोन माणसांपर्यंत कोणत्या रूपाने पोचली, हे पाहिल्यावाचून त्या राजवटीचा निर्णय देता येत नाही.

प्रथम सत्तेच्या टिकाऊपणाचा उलगडा करावयास हवा. नाईक हे संख्येने प्रबळ अशा मराठा समाजातील नव्हते, पश्चिम महाराष्ट्रातील नव्हते, आणि साखरकारखानदारीच्या परंपरेतून आलेलेही नव्हते. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या सहवासात अमरावतीस वकिलीचा आरंभ, पुसद नगरपालिकेचे अध्यक्षपद, १९५२ पासून जुन्या मध्यप्रदेशच्या विधानसभेचे सदस्यत्व, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात व महाराष्ट्रात सहकार, कृषी व महसूल ही खाती, असा त्यांचा क्रम होता. मारोतराव कन्नमवार यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये अधिकारावर असतानाच निधन झाल्यानंतर, यशवंतराव चव्हाणांच्या संमतीने ते पद नाईकांकडे आले. कन्नमवारही विदर्भाचेच होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली होती, ही गोष्ट तेव्हा जुनी झालेली नव्हती. नागपूर कराराच्या कागदावर जे लिहिले होते त्याची साक्ष विदर्भातील मुख्यमंत्र्याच्या रूपाने द्यावी, हा त्या निवडीतील सुज्ञ भाग होता.

परंतु सोयीची निवड अकरा वर्षे टिकत नसते. टिकाऊपणाचे बीज त्यापूर्वीच, नाईक महसूलमंत्री असताना पडले होते. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६१ साली अहवाल दिला. बलवंतराय मेहता समितीने गटपातळीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्ह्याला प्रमुख घटक मानले, जिल्हा परिषदेला कर्मचारी व पैसा दिला, आणि आमदार-खासदारांना तिच्या बाहेर ठेवले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. या योजनेचे प्रशासकीय गुण सर्वमान्य आहेत. तिचा राजकीय परिणाम मात्र अधिक खोल होता. प्रत्येक जिल्ह्यात नेतृत्वाला स्वतःचे असे क्षेत्र मिळाले, शाळा-रस्ते-दवाखान्यांच्या वाटपातून स्वतःची प्रतिष्ठा मिळाली, आणि त्या क्षेत्रात मुख्यमंत्र्याने हस्तक्षेप न करणे हा अलिखित संकेत ठरला. ज्याच्यामागे स्वतःच्या जातीचे वा प्रदेशाचे मोठे बळ नाही असा मुख्यमंत्रीच या रचनेच्या शिरोभागी सर्वांना मानवणारा होता. १९६७ साली २७० पैकी २०३ आणि १९७२ साली २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या त्या या रचनेच्या बळावर. नाईकांची सौम्य, हसतमुख, पाईप ओढीत ऐकून घेण्याची वृत्ती तिला शोभून दिसली, इतकेच. ती वृत्ती त्या रचनेचे कारण होती असे चरित्रकार मानतात, ते उलटे आहे.

या संकेताची किंमत कोरडवाहू प्रदेशाने मोजली. जिल्ह्याजिल्ह्याने आपले बळ आपणच वाढवावे असे ठरल्यावर, ज्या जिल्ह्यांत पाणी, सहकारी पतपेढी व कारखाना आधीच होता त्यांचे बळ वेगाने वाढले. नाईकांनी हा नमुना स्वतःच्या जिल्ह्यातही आणण्याचा यत्न केला; पुसदजवळचे पूस धरण व उमरखेड तालुक्यातील पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना ही त्याची चिन्हे. पण पूस-पैनगंगेच्या खोऱ्याबाहेर तो नमुना पोचणे शक्यच नव्हते. १९८४ साली दांडेकर समितीने राज्यातील अनुशेषाची मोजणी केली, तेव्हा त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा निघाला. ही आकडेवारी एका व्यक्तीच्या उदासीनतेचा पुरावा म्हणून वापरणे अन्याय्य होईल. सत्तेची जी वाटणी त्या व्यक्तीस अधिकारावर ठेवीत होती तिचाच हा हिशेब आहे.

शेतीविषयीची नाईकांची श्रद्धा खरी होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अन्नटंचाईच्या त्या काळात, परदेशी गव्हावर देश जगत असताना, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपणास फाशी द्यावी, असे त्यांनी १९६५ साली पुण्यास शनिवारवाड्यापुढील सभेत सांगितल्याचे सर्वत्र नमूद आहे. संकरित ज्वारीचा प्रसार, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांची १९६८ ते १९७२ या काळातील उभारणी, हे त्या श्रद्धेचे स्थायी रूप होय. मात्र संकरित बियाणे वेळेवरचे पाणी, खत आणि उधारी मागते. १९७० पासून सलग पाऊस चुकला आणि १९७२ च्या दुष्काळाने फाशीच्या त्या आवेशपूर्ण उद्गाराची मर्यादा दाखवून दिली. मुंबईविषयीचे त्यांचे धोरण, सिडको व नव्या मुंबईची योजना, शिवसेनेविषयीची सहनशीलता (जिच्यावरून विरोधकांनी तिला शूद्रकाच्या नायिकेचे नाव देऊन ‘वसंतसेना’ म्हटले), हा स्वतंत्र विषय आहे. वऱ्हाडच्या दृष्टीने निर्णायक ठरल्या त्या १९७२ सालच्या दोन हमी.

पहिली हमी कापसाच्या भावाची. १९७१ च्या कायद्याने राज्यातील कच्च्या कापसाची खरेदी, त्यावरील प्रक्रिया व विक्री यांचा एकाधिकार सरकारने घेतला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून योजना सुरू झाली. अडत्या आणि व्यापारी यांच्या हातून कास्तकाराची होणारी लूट पाहता तिचा हेतू निःसंशय न्याय्य होता. कापूस सरकारी संकलन केंद्रावर जाईल, त्याची रुई व सरकी होईल, विक्रीत नफा झाला तर त्याचा वाटा उत्पादकालाच मिळेल, तोटा झाला तर सरकार सोसेल, अशी ही रचना होती. परंतु दुसऱ्याच हंगामात, १९७३-७४ साली, खुल्या बाजारातील भाव वर गेल्याने योजना स्थगित ठेवावी लागली, आणि तिच्यातील अंतर्विरोध तिच्या बाल्यावस्थेतच उघड झाला. भाव पडला तर शेतकरी सरकारकडे येणार. भाव चढला तर त्याला अडवून धरावे लागणार. पुढील वर्षांत पैनगंगा ही नदी कापसापुरती जणू आंतरराष्ट्रीय सीमा झाली; पलीकडच्या आदिलाबादच्या बाजारात भाव अधिक असला की रात्रीच्या गाड्या नदी ओलांडीत. चुकारे हप्त्याहप्त्याने व उशिरा येऊ लागले की कास्तकारास सावकाराचे दार पुन्हा गाठावे लागे. शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून सोडविताना सरकारने स्वतःच व्यापाऱ्याची गादी घेतली, आणि हमीभाव हा दरवर्षी मंत्रिमंडळाच्या मर्जीने ठरणारा, निवडणुकीच्या हवेप्रमाणे हेलकावणारा भाव झाला. तोटा साचत गेला. २००२ साली खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार नावापुरताच उरला.

दुसरी हमी कामाची. तिचे जनकत्व विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे, तासगाव तालुक्यात झालेल्या प्रयोगातून ती निघाली व १९७२ मध्ये राज्यभर स्वीकारली गेली. दुष्काळाच्या १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. इतक्या मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, याचे श्रेय नाईकांच्या प्रशासनास द्यावेच लागते, आणि गौरवग्रंथांनी ते पुरेसे दिलेले नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या घडणीत होते. मजुरी अल्प, काम कष्टाचे. त्यामुळे ज्यास खरोखर गरज आहे तोच येणार. निधीसाठी १९७५ साली व्यवसायकर आला आणि मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातील मजुराची मजुरी निघू लागली. शेतीच्या हंगामात ही कामे मजुरांना ओढून घेणार नाहीत अशी दक्षता बड्या शेतकऱ्यांच्या समाधानासाठी घेण्यात आली. १९७७ साली, नाईक पदावरून गेल्यानंतर, हिचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागण्याचा हक्क त्याने नागरिकास दिला. देशाने २००५ साली जो कायदा केला त्याचा हा पूर्वज होय. आणि त्या कायद्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत यवतमाळ होता.

या दोन हमींच्या भिन्न नशिबाची मीमांसा क्वचितच झाली आहे. एक कायद्याने जन्मली आणि मर्जीवर जगली. दुसरी सरकारी आदेशाने जन्मली आणि कायद्यात स्थिरावली. पहिलीचा लाभ जमिनीच्या प्रमाणात मिळे. ज्याच्याजवळ अधिक कापूस, त्यास अधिक हमी. दुसरीचा लाभ ज्याच्याजवळ काहीच नाही त्यास मिळे. लोहाऱ्यासारख्या गावात या दोन हमी एकमेकींस भेटत, आणि ती भेट नेहमीच सलोख्याची नसे. वेचणीच्या दिवसांत मजुरीचा दर वाढावा असे जिला वाटे ती स्त्री, आणि भाव पडलेला असताना तो दर देणे ज्यास परवडत नसे तो कास्तकार, हे दोघेही एकाच सरकारकडे पाहत होते. राजवटीने दोघांनाही वचन दिले होते; दोघांच्या मधला प्रश्न, म्हणजे कोरडवाहू एकरातून किती निपजते हा प्रश्न, तिने बियाण्यावर सोपविला आणि पाण्यापाशी आणला नाही. नाईकांच्या कारकीर्दीवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. तो अनुशेषाच्या रकमेत मावत नाही, आणि हरितक्रांतीच्या गौरवाने खोडलाही जात नाही.

उत्तरकाळाचे सारे ओझे त्यांच्यावर टाकणेही तितकेच चुकीचे. १९९० नंतरची आयातनीती, २००२ नंतरचे बीटी बियाणे, २०१७ साली कीटकनाशकांच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे झालेले मृत्यू, यांचा जाब त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांकडे मागितला पाहिजे. १९७५ साली नाईकांना दिल्लीच्या इच्छेने पद सोडावे लागले; १९७७ साली वाशीममधून ते लोकसभेवर निवडून गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. १ जुलै हा त्यांचा जन्मदिन राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची परंपरा चालू झाल्यावर विदर्भासाठी सरकारने जे अभियान स्थापिले त्यास ‘वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन’ असे नाव देण्यात आले. नाव देणाऱ्यांना त्यातील उपरोध जाणवला असेल असे वाटत नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक क्षेत्रात आज डेनिमच्या कापडाचा कारखाना आहे.

पुढील संशोधनासाठी एक दिशा येथे सुचविता येते. कापूस संकलन केंद्रांवरील चुकाऱ्यांच्या नोंदी व रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीपत्रके ही आजवर स्वतंत्रपणे, पहिली अर्थशास्त्राच्या व दुसरी समाजकार्याच्या अभ्यासकांकडून, हाताळली गेली आहेत. १९७२ ते १९७५ या हंगामांपुरत्या तरी, एकाच तालुक्यातील या दोन्ही नोंदी महिनावार शेजारी ठेवून वाचल्यास, चुकारा थकलेल्या महिन्यांत हजेरीपत्रकावर कोणाची नावे वाढत होती, भूमिहीनांचीच की सातबाऱ्यावर नाव असलेल्या लहान कास्तकारांचीही, हे सांगता येईल.