मणिबेली: गाणे ऐकले, साक्ष राहिली

नर्मदा खोऱ्यावरील मराठी लेखनात एक मांडणी वारंवार येते. एका बाजूला धरण बांधणारे आधुनिक विज्ञान, दुसऱ्या बाजूला निसर्गाला देव मानणारा आदिवासी. दोघांच्या भाषा वेगळ्या, म्हणून संघर्ष. काही वर्षांपूर्वी एका टिपणात मीही हेच लिहिले होते. आज ती मांडणी मला चुकीची वाटते. तिची तपासणी मणिबेलीपासूनच करायला हवी.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवराच्या बुडितात आलेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी पाणी पहिल्यांदा इथे चढले. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, अशी मागणी करणारे १९९४चे आंतरराष्ट्रीय निवेदन याच गावाच्या नावाने ओळखले जाते.

आधी विज्ञानाची बाजू पाहू. १९८७ साली केंद्राने प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी दिली, तेव्हा आवश्यक अभ्यास पूर्ण नव्हते. ते पुढे करावेत अशी अट होती. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवले. ऑक्टोबर २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने बांधकामाला परवानगी दिली, पण न्या. भरुचा यांच्या वेगळ्या निकालपत्रात मंजुरीचा हाच दोष कळीचा ठरला. तेव्हा विज्ञानाने परंपरेवर मात केली, हे म्हणणे टिकत नाही. विज्ञानाचेही म्हणणे आधी पुरते ऐकले गेले नव्हते.

दुसरी बाजू निसर्गपूजक आदिवासीची. अमिता बाविस्कर यांचे ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ (१९९५) हे पुस्तक नदीपलीकडच्या, मध्य प्रदेशातील अंजनवाड्याच्या भिलालांविषयी आहे. तिथे निर्मितीकथा सांगणारे गायणा गायले जाते, देवांना मान दिला जातो, आणि जंगल तोडून नेवाडाची शेतीही केली जाते. श्रद्धा आणि कुऱ्हाड एकाच घरात नांदतात. हे वाचताना मला प्रथम अवघडल्यासारखे झाले. माझ्या मनातला आदिवासी नेवाड करत नव्हता.

नेमके हे नेवाडच निर्णायक होते. नर्मदा लवादाच्या १९७९च्या निवाड्यानुसार पाव भागाहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदाराला तेवढी, निदान दोन हेक्टर, जमीन मिळायची होती. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन सातबाऱ्यावर नव्हती. ती कसणारा सरकारी भाषेत अतिक्रमणदार झाला. मोर्स समितीने यावर टीका केली. वनहक्क कायद्याने २००६ साली हा ऐतिहासिक अन्याय असल्याचे मान्य केले, तोवर कित्येक शेते पाण्याखाली होती.

कोणता उतार कोणी, कधीपासून कसला, हे गावाला ठाऊक होते. हे ज्ञान पुराणकथेचे नव्हते. शेतावर जाऊन, चार जणांना विचारून पडताळता येईल असे होते. आम्ही साहित्यवाल्यांनी मात्र गायण्याला ‘आदिवासी ज्ञान’ म्हणून गौरवले आणि जमिनीची बाब तलाठ्याच्या दप्तरावर सोडली. गाण्याचा आदर करायला काही सोडावे लागत नाही. साक्ष खरी मानली, तर जमीन द्यावी लागते.

लोकांचे सांगणे नेहमीच बरोबर असते काय? मुळीच नाही. ते तपासलेच पाहिजे. पण तपासायचे म्हणजे ते आधी पुरावा म्हणून दाखल करून घ्यावे लागते. मोर्स समितीचे उपाध्यक्ष थॉमस बर्जर यांनी १९७४ ते १९७७ या काळात कॅनडात मॅकेन्झी खोऱ्यातील वायुवाहिनीची चौकशी केली होती. त्यांनी मूलनिवासींच्या वस्त्यांत जाऊन सुनावण्या घेतल्या, आणि शिकारीच्या वाटांविषयीचे त्यांचे सांगणे तज्ज्ञांच्या साक्षींबरोबर विचारात घेतले. वाहिनी दहा वर्षे पुढे ढकलावी, अशी शिफारस झाली. दोन ज्ञानांचा संवाद मला इथे दिसतो: दोघांनाही प्रश्न विचारता येतात आणि दोघेही चुकीचे ठरू शकतात.

ज्याला प्रश्नच विचारायचा नाही, त्याची पूजा करणे सोपे असते. माझ्या जुन्या टिपणात गायणा होते. नेवाड हा शब्द एकदाही नव्हता.