‘मी’चा ‘आपण’ होतो तेव्हा

हिप-हॉपमधली श्रेष्ठ गाणी कोणती, असा विषय निघाला की चर्चा व्ह्यूज, बीट आणि रॅपरचा वेग यांवरच घुटमळते. या तिन्ही गोष्टी लवकर शिळ्या होतात. टिकणाऱ्या गाण्याची कसोटी माझ्या मते वेगळी आहे. ते एका नेमक्या जागेतून बोलते आणि बोलता बोलता त्यातल्या ‘मी’चा ‘आपण’ होतो. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचे ‘द मेसेज’ १९८२ साली आले, तेव्हा रॅप म्हणजे पार्टीचे संगीत होते. या गाण्याने बीट संथ केला आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली काच, दुर्गंधी, थकलेली बिले एकामागून एक समोर मांडली. शेवटच्या कडव्यात निवेदक स्वतःला बाजूला ठेवतो आणि एका मुलाची जन्मापासून तुरुंगातल्या मृत्यूपर्यंतची कहाणी थेट त्या मुलालाच सांगतो. गाणे संपता संपता रस्त्यात गप्पा मारत उभ्या असलेल्या मित्रांना पोलीस उचलून नेतात. एकाची कैफियत सगळ्या मोहल्ल्याची होते ती इथे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ मध्ये जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तेव्हा हिप-हॉपमधून हेच गाणे निवडले गेले.

मुंबईतही हेच दिसते. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले. साधने तुटपुंजी असली तरी आवाज कुठून येतो आहे याबद्दल शंका उरत नाही. पुढच्याच वर्षी डिव्हाइनबरोबरच्या ‘मेरे गल्ली में’ने त्या जागेला अभिमान दिला. मात्र २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटानंतर गल्ली हा अनेकांच्या हाती नुसता शिक्का झाला: भिंतीवरची चित्रे, गळ्यातली साखळी आणि कोणत्याही शहरात चालेल असा राग. त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या गटाने मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या वारल्यांच्या उठावाची आठवण देणाऱ्या या नावातच जागा आहे. तरुण रॅपर आणि जंगलात राहणारा आदिवासी गायक एकाच गाण्यात उभे राहतात, म्हणून ते झाडांबद्दलचे भाषण न होता जमिनीवरचा दावा होतो.

यावर पहिला आक्षेप असा की, ही कसोटी कलेची नसून चळवळीची आहे. गाणे आधी कानाला हवे. ते मान्यच आहे. पण ‘द मेसेज’चा बीट संथ नसता तर त्यातले तपशील ऐकूच आले नसते. तिथे संगीताची निवड आशयानेच ठरवली आहे. दुसरा आक्षेप परकेपणाचा. रॅपचे तंत्र बाहेरून आले हे खरे, पण ‘मी’चा ‘आपण’ करण्याची किमया मराठीला नवी नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडच्या बायकोसाठी झुरतो, आणि पाहता पाहता तो विरह संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचा होतो. तिसरा आक्षेप, इतके स्थानिक गाणे दूर जाईल कसे? न्यूयॉर्कचा ब्राँक्स कधीही न पाहिलेल्या माणसाला ‘द मेसेज’ कळते, हेच त्याचे उत्तर.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पोरांनी कुर्ल्या-धारावीची गल्ली उसनी घेण्याचे कारण नाही. लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर आजही कॅम्पच्या आकड्यांनी पत्ता सांगते. जीन्सच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वालधुनी नदीने वर्षानुवर्षे वाहिले. अंबरनाथमध्ये विम्कोच्या कारखान्यात काडेपेटी बनत होती. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली. सिंधी, आगरी, हिंदी आणि मराठी लोकलच्या एकाच डब्यात कानावर पडतात. एवढा ऐवज हाताशी असताना रॅपरने कॅम्प चारमधल्या एका कामगाराचा एक दिवस नेमका सांगावा, त्याच्याच बोलीत सांगावा, आणि धृपद असे बांधावे की कर्जत लोकलमधल्या अनोळखी माणसालाही ते आपले म्हणून उचलता येईल. व्ह्यूज किती मिळतील ते अल्गोरिदम ठरवेल. गाणे टिकेल की नाही, ते या उचलण्यावर ठरेल.