मारबत, नारबोद आणि बाकाबाईवरचा आळ

सार्वजनिक कला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकतर चौकातला पुतळा येतो, नाहीतर स्वच्छ सर्वेक्षणाच्या हंगामात रंगवलेली नगरपालिकेची भिंत. दोन्हींना मंजुरी लागते, निविदा लागते, फीत कापायला कोणीतरी लागतो. पुतळ्याचे एक बरे असते, त्याचा पत्ता होतो. आमच्या बालाघाटात काली पुतली चौक आहे. ऑटोवाल्याला तेवढे सांगितले की पुरते, पुतळा कसा आहे हे कोणी बघत नाही. रंगवलेल्या भिंतीचे तेवढेही होत नाही. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि पुढच्या वर्षी त्यावर दुसरे काहीतरी येते.

पण वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या भागात असे एक काम रस्त्यावर येते ज्याची निविदा निघत नाही, जे गल्लीतली माणसे बांधतात, अख्खे गाव किंवा शहर बघते, आणि दिवस मावळायच्या आत त्याची राख होते. नागपुरात ती मारबत. आमच्याकडे नारबोद. तिच्यावर दरवर्षी कौतुकाचे लेख येतात, त्यांत भर घालायची नाही. एखाद्या चित्राकडे किंवा नाटकाकडे बघतो तसे तिच्याकडे बघून, त्यात जमले काय आणि फसले काय, एवढेच मांडायचे आहे.

आधी जागेचे बोलू. बालाघाट जिल्हा १८६७ साली झाला आणि मध्य प्रांतात तो नागपूर विभागातच होता. भंडारा, चांदा, वर्धा आणि नागपूर हे त्याचे सोबती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे एकाच प्रथेवर दोन भाषांत, दोन नावांनी लिहिले जाते, आणि लिहिणाऱ्यांना बहुधा एकमेकांचा पत्ता नसतो. पंचांगानेही घोळ घातला आहे. महाराष्ट्रात पोळ्याची अमावास्या श्रावणाची, इकडच्या हिंदी पंचांगात तीच भाद्रपदाची. दिवस एकच. त्याच दिवशी पश्चिमेला पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून गोटमार होते. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी एकाच दिवशी कोणी दगड मारतो, कोणी पुतळा मिरवतो, कोणी गावाबाहेर नेऊन टाकतो. या तिन्हींना एका नकाशावर मांडून कोणीतरी अभ्यास करायला हवा, असो.

गावातली नारबोद साधी असते. बांबूच्या कामट्या, गवत, फाटकी कापडे, कागद, चेहऱ्याला काजळी किंवा रंग. पहाटे ती घरांवरून निघते, पोट्टे पुढे, मोठी माणसे मागे, आणि सगळे मिळून ओरडत तिला शिवेबाहेर काढतात. ओरडण्यातली मागणी अगदी रोखठोक असते: खोकला ने, ताप ने, डास ने, घरातली भांडणे ने. श्रावण संपतो तेव्हा डबकी भरलेली असतात, बैहरच्या जंगलपट्ट्यात हिवतापाचे दिवस असतात. म्हणजे जी गोष्ट त्या आठवड्यात खरोखर छळते आहे, तिलाच तोंड दिलेले असते. शिल्प म्हणून बघाल तर ओबडधोबड आहे. पण तिचे काम दिसण्याचे नाही, उचलून नेले जाण्याचे आहे, आणि त्या कामाला ती चोख बसते. हलकी आहे, दोन पोरांना पेलते, एका काडीत पेटते. इतक्या वर्षांच्या नोकरीत सरकारी कामाची अनेक ड्रॉइंगे तपासली. वापर आणि वजन यांचा इतका स्वच्छ मेळ फार थोड्यांत दिसला.

नागपूरची गोष्ट वेगळी. तिथे काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. ही वर्षे धरली तर टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या, म्हणजे १८९३ च्या, दहाएक वर्षे आधी नागपूरच्या विणकर-तेली-कारागिरांच्या वस्तीत सार्वजनिक मिरवणूक उभी राहिली होती. पुण्यामुंबईच्या इतिहासात याची ओळसुद्धा सापडत नाही. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची, जागनाथ बुधवारीच्या बाजूने येते, काळी इतवारीतून. दोघींची भेट होते तेव्हा त्या भागात पाय ठेवायला जागा नसते.

या मोठ्या मारबतींमध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडते ते सांगतो: त्यांचे माप गल्लीने ठरवले आहे. इतवारीच्या बोळातून वळायचे, वरून विजेच्या तारा, दोन्ही बाजूंना गच्च्या. गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाच्या समोर मारबतीचे डोळे येतात, खाली रस्त्यावरच्याला फक्त तिचे पाय आणि हात दिसतात. म्हणून डोळे एवढे मोठे, म्हणून रंग सपाट. जवळून बघितले तर चेहरा भडक वाटेल. तो तीस हातांवरून आणि चालताना बघण्यासाठी केला आहे. पाचोळ्यासारखे कागद आणि कापड, आत बांबू. हलताना सांगाडा जरा वाकतो, त्यामुळे ती श्वास घेते आहे असे वाटते. हे लोखंडी अँगलच्या सांगाड्याला कधी जमणार नाही. हे बसून आखलेले नाही; घराण्यात हात बसत बसत आलेले आहे.

आता बडगे. मारबतींसोबत निघणारे हे पुरुषी पुतळे दरवर्षी नवे असतात आणि त्या वर्षीच्या रागावर बेतलेले असतात: महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी, शेजारचा देश, साथीचा रोग. व्यंगचित्राला हातपाय फुटून ते रस्त्यावर यावे तसे. कल्पना म्हणून याला तोड नाही. वर्षभर गिळलेला राग एका दिवशी उघड बोलता येतो, आणि संध्याकाळी जाळला की हिशोब संपला, पुढच्या वर्षी नवा.

पण इथेच माझी तक्रार आहे. बडगा हल्ली पुतळा राहिलेला नाही, पाटी झाला आहे. गळ्यात, पोटावर, हातात, सगळीकडे लिहिलेले. भ्रष्टाचार म्हणजे काय हे आकृतीने दाखवायचे तर पोट किती सुटले आहे, हात कुठे आहे, नजर कोणाकडे आहे, याचा विचार करावा लागतो. अक्षरात लिहून टाकले की तो विचार वाचतो. मग तेच धड, तेच तोंड, फक्त फ्लेक्स बदलला की दुसरा विषय. त्यातून वर्तमानपत्राच्या फोटोत नीट वाचता यावे म्हणून मजकूर वाढत जातो. फोटोत येणे आणि रस्त्यावर पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बडग्यांनी पहिली निवडली आहे असे मला दिसते. चांगला बडगा न वाचता कळला पाहिजे. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्या म्हातारीलाही हसू आले पाहिजे.

याहून मोठी अडचण काळ्या मारबतीची आहे, आणि ती आपल्यासारख्या इतिहासात रमणाऱ्यांनी वाढवली आहे. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना सामील झालेली भोसले घराण्यातली राणी, तिच्या निषेधाचा हा पुतळा, असे प्रत्येक लेखात असते. एक लेख दुसऱ्यावरून, दुसरा तिसऱ्यावरून. आता हे तपासू.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजींची राणी. रघुजी १८१६ साली वारले. मुलगा परसोजी गादीवर आला, तो राज्य करण्याच्या स्थितीत नव्हता, कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे गेला. १८१७ मध्ये परसोजीचा खून झाला आणि त्याचा आळ आप्पासाहेबांवरच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब हरले. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना काढून दुसऱ्या रघुजींच्या मुलीच्या मुलाला, म्हणजे तिसऱ्या रघुजींना, गादीवर बसवले. मुलगा अज्ञान, बाकाबाई त्याची पालक, आणि खरा कारभार रेसिडेंट जेन्किन्सचा. आता या बाईपुढे काय होते? एकीकडे ज्याच्यावर परसोजीच्या खुनाचा संशय तो आप्पासाहेब, दुसरीकडे नातू आणि कंपनी. तिने नातवाची गादी धरली. १८५७ मध्येही ती इंग्रजांविरुद्ध उठली नाही, हे खरे आहे आणि लपवायचे कारण नाही. पण मधली पानेही वाचा. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले. राण्यांनी याविरुद्ध दाद मागितली, लंडनपर्यंत माणसे पाठवली. बाकाबाई तेव्हा त्या घरातली सगळ्यात वडीलधारी बाई होती. १८५८ साली ती गेली.

म्हणजे पहिली काळी मारबत निघाली तेव्हा तिला जाऊन तेवीस वर्षे झाली होती. मेलेल्या माणसाचा निषेध तेवीस वर्षांनी सुरू होऊ शकतो, अशक्य नाही. पण मग पुतळ्याकडे आणि लोकांकडे बघा. बायका मारबतीची पूजा करतात, ओटी भरतात, लहान लेकरांना तिच्या पायाशी घालतात, काळीला नवसही बोलतात. फितूर राणीच्या पायाशी कोणी आपले तान्हे पोर घालते काय? हे वागणे रोगराईच्या देवीशी असते तसे आहे: भीती, मान आणि मग रवानगी. पूतना राक्षसीची जी दुसरी गोष्ट सांगतात ती निदान या वागण्याशी जुळते. राणीची गोष्ट कुठेच जुळत नाही.

आणि तिसरा पुरावा आमच्या बाजूचा. वैनगंगेचे खोरे भोसल्यांच्याच राज्यात होते. १८१८ मध्ये कामठ्याच्या चिमणा पटलाने आप्पासाहेबांची बाजू घेऊन बंड केले, ते याच पट्ट्यात. बाकाबाईवर राग धरायचा तर तो या मुलखाने आधी धरायला हवा होता. पण आमच्या नारबोदला कोणाचेच नाव नाही. ती नेते ते खोकला आणि डास. माझा निष्कर्ष असा, की खेड्यातली बिननावाची प्रथा शहरात आली, मोठी झाली, आणि शहराला तिच्यासाठी एक कारण लागले. कारण सापडले ते घराण्यातली एक विधवा म्हातारी. बडग्याच्या नियमाने बघितले तर हा अन्याय आहे. पुढाऱ्याला एक वर्ष जाळतात आणि सोडून देतात. तिला मात्र सुटका नाही.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया नावाचे शहर आहे. तिथे दर मार्चमध्ये गल्लोगल्ली व्यंगपुतळ्यांचे डोंगर उभारतात आणि १९ तारखेच्या रात्री पेटवतात. १९३४ पासून त्यातला एक पुतळा लोकांच्या मतांनी वाचवतात, त्याला माफी मिळते आणि तो संग्रहालयात जातो. २०१६ मध्ये युनेस्कोने या उत्सवाला यादीत घेतले. आपल्याकडचे वारसाप्रेमी हे उदाहरण देऊन म्हणतात, मारबतीचे संग्रहालय करा. मला त्यातला वाचवायचा भाग पटत नाही. तिथले पुतळे पुढे थर्माकोलचे झाले आणि धूर काळा झाला, हे कोणी सांगत नाही. जी वस्तू टिकणार आहे ती कारागीर टिकाऊ मालाची करतो, मग गल्लीत वाकणारा बांबू गेला. तिथला मला भावतो तो मतदानाचा भाग. पुतळे शेजारी शेजारी ठेवून लोक कोणता चांगला हे ठरवतात, त्यावर भांडतात. नागपुरात बडग्यांवर हसतात सगळे, पण कोणता जमला आणि कोणता फसला यावर कोणी लिहीत नाही. बांधणाऱ्याचे नाव तर फोटोखाली शोधूनही मिळत नाही.

बालाघाटात मोठी नारबोद काढावी, नागपूरसारखी, असा सूर आपल्या बैठकीत दोनदा निघाला. माझा विरोध आहे. मोठी झाली की वर्गणी आली, वर्गणी आली की फ्लेक्स आला, आणि कोणीतरी तिला एखाद्या माणसाचे नाव देईल. त्यापेक्षा आहे ते नोंदवू. कामट्या कोणत्या बांबूच्या, सांगाड्याचे माप किती, पुतळा बाईचा की पुरुषाचा, कोणत्या शिवेवर टाकतात, जाळतात की नाही, आणि ओरडताना काय काय न्यायला सांगतात. माप जाळण्याआधी घ्यावे लागते, हे लक्षात असू द्या. लांजी, वारासिवनी आणि कटंगीकडच्या मिळून अकरा गावांची टिपणे माझ्याकडे आहेत. एकातही राणी नाही. बैहर आणि परसवाड्याकडून अजून कोणी काही पाठवलेले नाही.